मेंटेनन्सची गोळी थुंकणारी मुलगी: फसवून द्यावी की धरून?

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. मुलगी साडेचार वर्षांची, रक्ताचा कर्करोग, एएलएल. सुरुवातीची जड केमो पार पडली, मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ चालणारी हलकी केमो, लागून चार महिने झाले. रोज रात्री सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) ही केमोची गोळी, दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटच्या पाच छोट्या गोळ्या. ती तोंड घट्ट मिटून घेते, दिली तर थुंकते, तासभर रडारड चालते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तुम्ही घरी पोचता तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात. आजी म्हणतात, "रिपोर्ट चांगले आलेत ना? एखादा दिवस राहू दे पोरीला." गेल्या पंधरवड्यात तीन डोस बुडाले आणि डॉक्टर रागावतील म्हणून ते ओपीडीत सांगितले नाहीत. आणि तुम्ही विचारताय की गोळी खाण्यात लपवून द्यायची की धरून पाजायची.

मी बालकर्करोग विभागात परिचारिका आहे, बरीच वर्षं नवी मुंबईतच काम करते. गोळी कशी द्यायची ते सांगतेच. पण तुम्ही जाता जाता लिहून टाकलेली ती सांगितलं नसल्याची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते, म्हणून आधी ती घेते.

मेंटेनन्समधला डोस एकदा ठरला की तसाच राहत नाही. दर भेटीत सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, बघून तो वरखाली केला जातो. पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल, एका ठरावीक पट्ट्यात राहायला हव्यात. फार वर गेल्या तर औषध कमी पडतंय असा अर्थ निघतो आणि डोस वाढतो. आता विचार करा. तीन डोस बुडाले म्हणून पेशी वर गेल्या. डॉक्टरांच्या कागदावर मात्र सगळे डोस दिलेले आहेत. ते डोस वाढवणार. मग पुढचे तीन आठवडे तुम्ही हिमतीने रोज गोळी दिलीत, तर तो वाढीव डोस पूर्ण अंगावर येतो, पेशी खाली कोसळतात, ताप येतो आणि पोरगी पुन्हा वॉर्डात. यात डॉक्टरांचं काही चुकलं नाही, तुमचंही नाही. कागद खोटा होता एवढंच.

हे तुमच्या एकटीच्या घरचं नाही. अमेरिकेत याच आजाराच्या मुलांच्या औषधाच्या बाटलीला इलेक्ट्रॉनिक झाकण लावून अभ्यास झाला होता. बाटली कधी उघडली याची नोंद ते झाकण ठेवायचं. बऱ्याच घरांनी सांगितलेले डोस झाकणाच्या नोंदीपेक्षा जास्त निघाले. ज्या मुलांना ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस मिळाले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला. ९५ टक्के म्हणजे किती? महिन्यात दोन डोस चुकले की तुम्ही त्या रेषेच्या खाली. हे घाबरवायला सांगत नाही. एखादा डोस बुडाला म्हणून काही बिघडत नाही; महिनोन् महिने पडत गेलेली सवय बिघडवते. तुमचा आत्ता चौथाच महिना आहे आणि मेंटेनन्स साधारण दोन वर्षं चालतो, म्हणजे सवय बसवायला वेळ आहे.

तेव्हा पुढच्या ओपीडीला आत शिरल्या शिरल्या एवढंच म्हणा: "मागच्या वेळी सांगायचं राहिलं, तीन डोस बुडाले होते, या या तारखांना." डॉक्टर कदाचित कपाळाला आठ्या घालतील. घालू देत. मनातून त्यांना बरंच वाटेल, कारण आता रिपोर्ट वाचता येतो. आणि ती ओपीडी लांब असेल तर थांबू नका, वॉर्डच्या नंबरवर उद्याच कळवा.

आजींशी वाद घालू नका. त्या आडमुठ्या नाहीत. बरं दिसणाऱ्या लेकराला रोज रडवायचं कशाला, असं त्यांना वाटतं, आणि दिसायला ती बरी आहेच. केस परत आलेत, जेवतेय, भावाशी भांडतेय. त्यांना मी असं सांगते: निंदणी झालेला वाफा वरून स्वच्छ दिसतो, पण मातीत हरळीची मुळी राहिलेली असते. सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत इतक्या थोड्या पेशी उरलेल्या असू शकतात, आणि ही रोजची गोळी त्यांच्यासाठी आहे. तरी सुनेच्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं जास्त लागतं. ठाण्याहून पनवेल लोकलने एकदा त्यांना ओपीडीला सोबत आणा. शक्य असेल तर गोळी द्यायचं काम त्यांनाच द्या. साडेसहा-सातला आजी घरी असतात, पोर ताजीतवानी असते. तुम्ही येईपर्यंत ती पेंगुळलेली आणि तुम्ही दमलेल्या. रात्री नऊची वेळ ही औषधासाठी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, रात्रीच द्या, उपाशीपोटी द्या, दुधाबरोबर नको, असं आम्हाला लिहून दिलंय. हो, सिक्स-एमपीबद्दल वर्षानुवर्षं असंच सांगत आलेत. पुढे मुलांवरच्याच अभ्यासात या पथ्यांचा आणि आजार उलटण्याचा संबंध सापडला नाही, म्हणून काही ठिकाणी नियम सैल झाले. तुमच्या केंद्राचा नियम तुम्ही आपणहून मोडू नका. पण विचारा, आणि कारण सांगून विचारा: "रात्री नऊला उपाशीपोटी देताना डोस बुडतात, सातला जेवणाबरोबर दिली तर चालेल का?" पथ्य सांभाळता सांभाळता गोळीच बुडत असेल तर त्या पथ्याचा उपयोग काय? बहुतेक डॉक्टर वेळ बदलून देतील. एकदा ठरली की मात्र रोज तीच.

फसवून देण्याबद्दल. वरण-भातात, दुधात, शिऱ्यात गोळी कालवू नका. तिने अर्धी वाटी ठेवली तर डोस किती गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. दुसरं असं की एकदा तिच्या जिभेला कळलं, की ती वरण-भातच सोडते, आणि केमोवरच्या मुलाने वरण-भात सोडणं आपल्याला परवडत नाही. मिसळायचीच तर एका चमच्यात, एका घासात, तिच्या डोळ्यांसमोर आणि तिला सांगून. तसंच गोळीला "खाऊ" किंवा "चॉकलेट" म्हणू नका. घरात आठ वर्षांचा भाऊ आहे. त्याने ती खाऊ समजून तोंडात टाकली तर प्रकरण वेगळंच होईल.

धरून पाजण्याबद्दल मी पुस्तकी उत्तर देणार नाही. कधी कधी आई-वडिलांना मूल मांडीवर घट्ट धरावं लागतं, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण नाक दाबणं, आडवं पाडून घशात ओतणं हे कधीच नाही. औषध श्वासनलिकेत गेलं तर काय होतं ते मी वॉर्डात पाहिलंय. आणि धरणं हे रोजचंच होऊन बसलं असेल तर पद्धत बदलायची वेळ आली आहे.

"घेतली नाहीस तर सुई मारतील" ही आपल्याकडची हुकमी धमकी. कृपा करून बंद करा. त्या सुईसाठी तिला पुन्हा आमच्याकडेच यायचंय, आणि आम्ही जवळ गेलो की ती किंचाळायला लागते. शिवाय या वयात मुलांना खरोखर वाटतं की आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून आजार झाला. धमकीने तोच समज पक्का होतो. तिला सरळ सांगा: तुझ्या रक्तात खोडकर पेशी होत्या, ही गोळी त्यांना परत येऊ देत नाही, तुझी काही चूक नाही, आणि ही रोज घ्यायची आहे. एवढं पुरतं. रोज नव्याने समजावायला बसलात की तो वाटाघाटीचा कार्यक्रम होतो, आणि वाटाघाटीत साडेचार वर्षांचं मूल आपल्याला सहज हरवतं.

"गोळी घेणार का?" हा प्रश्न घरातून काढून टाका, कारण त्याचं "नाही" हे उत्तर तुम्ही मान्य करणार नाही. गेल्या वर्षात तिच्या अंगाला किती जणांनी तिला न विचारता हात लावला आठवा. तिला कशावर तरी हुकूम चालवायचाय, आणि हाताशी फक्त तिचं तोंड आहे. म्हणून जिथे खरंच निवड देता येते तिथे भरपूर द्या. निळा पेला की स्टीलचा? आजीच्या मांडीवर की खुर्चीवर? आधी पाणी की नंतर? बाहुलीला कोण देणार? मग "चला, सात वाजले," आणि दोन-तीन मिनिटांत विषय संपला पाहिजे. घेतली की लगेच एक स्टिकर आणि एक मिठी. मॉलमधलं खेळणं नको. दुसऱ्या आठवड्यात त्याचा भाव दुप्पट होतो.

चवीसाठी काही साधे उपाय आहेत. आधी उकळून गार केलेल्या पाण्याच्या बर्फाचा तुकडा चोखायला द्या, जीभ थोडी बधिर होते. चमच्याला आधी चॉकलेट सिरप किंवा जॅम लावा, वर गोळी, वर पुन्हा थोडं जॅम. नंतर तिला आवडतं ते काहीतरी तयार ठेवा. मेंटेनन्समध्ये मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्यांचे पाच दिवस येतात तेव्हा कडूपणा जास्त, चिडचीड जास्त आणि भूक अफाट. त्या दिवसांत नवीन काही शिकवायला जाऊ नका, कसंबसं पार पाडा.

गोळी गिळायला मात्र शिकवा. चार-पाच वर्षांची बरीच मुलं शिकतात, आणि पुढची दोन वर्षं सोपी होतात. गोळीच्या वेळी नाही, दुपारी, खेळ म्हणून. केकवर भुरभुरतात ते साखरेचे बारीक दाणे घ्या. ताठ बसवा, एक दाणा जिभेच्या मागच्या बाजूला, मोठा घोट पाणी, मान मागे टाकायची नाही. ती चिमणीसारखी मान वर करेल. तिथे हनुवटी सरळ धरायला शिकवा, मान मागे गेली की गिळणं अवघड होतं. जमलं की दोन-तीन दिवसांनी साखर लावलेली बडीशेप, मग अर्ध्या गोळीएवढा तुकडा. ठसका लागला की एक पायरी खाली या. हे करताना मोठं माणूस समोर बसलेलं हवं, आणि हसणं-धावणं बंद.

तोवर गोळी पाण्यात विरघळवून द्यायची असेल तर इथे नीट वाचा. सिक्स-एमपी आणि मेथोट्रेक्सेट ही पेशी मारणारी औषधं आहेत. ती पोळपाटावर चेचायची नाहीत, खलबत्त्यात कुटायची नाहीत. त्यांची पूड हवेत उडते आणि त्याच पोळपाटावर संध्याकाळी सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या जातात. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हातच लावू नये. आम्ही शिकवतो ती पद्धत अशी. हातमोजे घाला, तोंडाने औषध द्यायची, सुई नसलेली सिरिंज घेऊन तिचा दट्ट्या बाहेर काढा, गोळी आत टाका, दट्ट्या परत बसवा, कोमट पाणी ओढून घ्या, टोपण लावा आणि गोळी विरेपर्यंत हलवत राहा. सगळं बंद सिरिंजच्या आत होतं. मग गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, घशाकडे नेम धरू नका. गिळलं की पुढचं. शेवटी त्याच सिरिंजमध्ये थोडं पाणी घेऊन तेही द्या, कारण तळाशी गाळ राहतो आणि तोही डोसच आहे. हे वाचून थेट करू नका, ओपीडीत नर्सला एकदा करून दाखवायला सांगा.

आणि द्रवरूप औषधाबद्दल जरूर विचारा. टाटा मेमोरियल, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटाचंच संशोधन केंद्र) आणि बंगळुरूची औषध कंपनी आयडीआरएस लॅब्ज यांनी मिळून लहान मुलांसाठी सिक्स-एमपीचं सस्पेन्शन तयार केलं आहे आणि २०२५ मध्ये ते आपल्याकडे आलं. वजनाप्रमाणे मिलीलिटरमध्ये मोजून देता येतं, त्यामुळे अर्धी गोळी, पाऊण गोळी, शनिवार-रविवारी वेगळी असा हिशोब राहत नाही. मात्र गोळीवरून त्यावर जाताना डोस डॉक्टरांनीच लिहून द्यायचा, आणि मोजायला त्याचीच सिरिंज. स्वयंपाकघरातला चमचा नाही.

नोंदीसाठी अ‍ॅप वगैरे लागत नाही. तुमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेलच, दुधाचा हिशोब लिहिता तिथेच. रोजच्या चौकोनात देणाऱ्याचं आद्याक्षर आणि वेळ, मुलीने स्वतः काढलेली एक खूण. बुडाली तर गोल शून्य, आणि कारण एका शब्दात: उलटी, झोपली, संपली. महिन्याचे सगळे गुरुवार आधीच लाल शाईने गोल करून त्यात "मेथो" लिहा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि असं होतं ते देणारी माणसं दोन असली आणि नोंद एकाच्या डोक्यात असली की. ती गोळी वेगळ्या डब्यात, वेगळ्या फडताळात ठेवा. ओपीडीला येताना त्या पानाचा फोटो काढून आणा. शून्य असलेलं पान दाखवायला लाजू नका. पाठोपाठ तीन महिने एकही शून्य नसलेलं पान बघितलं की मीच जरा खोलात चौकशी करते.

सिक्स-एमपीच्या बुडालेल्या डोससाठी: त्याच रात्री आठवली तर द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर त्या दिवसाचा एकच डोस, दुप्पट कधीच नाही. गोळीनंतर उलटी झाली तर पुन्हा द्यायची का, हे किती वेळाने झाली यावर ठरतं आणि प्रत्येक केंद्राचा नियम थोडा वेगळा असतो. तुमच्याकडचा नियम फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. रात्री अकराला तो आठवत नाही.

हे सगळं मी हट्ट धरून चालून लिहिलं. पण अचानक नकार वाढला असेल तर आधी तोंडात टॉर्च मारून बघा. मेथोट्रेक्सेटने तोंड येतं, गिळताना दुखतं, आणि साडेचार वर्षांची मुलगी "दुखतंय" न म्हणता "नको" म्हणते. पोट गच्च झालंय का, डोळे पिवळे दिसतात का, मळमळ आहे का, हेही बघा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर सकाळची वाट न बघता, तापाचं औषध देण्याआधी, वॉर्डला फोन. आणि शेजारणीने सुचवलेलं टॉनिक, काढा, व्हिटॅमिनचं सिरप आम्हाला दाखवल्याशिवाय सुरू करू नका. कित्येक टॉनिकांत फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि मेथोट्रेक्सेटचं काम त्याच्याच विरुद्ध आहे.

ओपीडीबाहेरच्या बाकावर डोसची तुलना होते, त्यापासूनही लांब राहा. "आमच्याला दीड गोळी, तुमच्या पोरीला अर्धीच का?" आपल्याकडच्या काही मुलांच्या शरीरात एनयूडीटी१५ नावाच्या जनुकाच्या फरकामुळे सिक्स-एमपी फार तीव्रतेने काम करतं, त्यांना थोडाच डोस पुरतो. अर्धी गोळी म्हणजे अर्धा उपचार नव्हे.

डोस बुडण्यामागे पैसा असेल, म्हणजे पट्टी पुरवून पुरवून वापरली जात असेल, तर तेही बोला. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी तसं असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, रुग्णालयातले समाजसेवक आहेत. गोळी संपायच्या आधी त्यांना गाठा. सिक्स-एमपी कोपऱ्यावरच्या प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही. पावसाळ्यात लोकल बंद पडल्या की आमच्याकडे "गोळ्या कालच संपल्या" असे फोन सुरू होतात, म्हणून दहा दिवसांचा साठा हाताशी ठेवत जा. गणपतीला गावी जाताना औषध हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही.

दोन-तीन दिवस सलग काहीच पोटात जात नसेल तर ओपीडीच्या तारखेपर्यंत झुंजत बसू नका. आमच्याकडे अजून मार्ग आहेत: द्रव औषध, खेळातून शिकवणारी थेरपिस्ट, मेथोट्रेक्सेट इंजेक्शनने देणं, काही मुलांना काही काळ नाकातली नळी.

राहिला मोठ्या भावाचा प्रश्न. तो चिडवतो असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याला पहारेकरी करावं का असंही. नको. "आई, तिने थुंकली बघ" हे काम आठ वर्षांच्या मुलाला देऊ नका. बहिणीचं दुखणं त्याच्या अंगावर पडतं आणि ती त्याच्यावरच डूख धरते. त्याला दुसरं काहीतरी द्या, कालनिर्णयवरचे गुरुवार लाल करणं, नंतरच्या जॅमची वाटी आणणं. आणि सात वाजून पाच मिनिटांनी, गोळी झाली की, थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा. ज्या दिवशी तुम्ही लवकर याल त्या दिवशी तुम्हीच बसा त्याच्याजवळ. गोळी आजी देतील.